एमसीबी सारखी पडतेय? मोठी बसवण्याआधी हे वाचा! जुन्या घरासाठी वायरमन कसा निवडायचा?

फोनचा चार्जर ६७ वॅटचा घ्यायचा की ८० वॅटचा, यावर आपण तासभर रिसर्च करतो. पण तो चार्जर ज्या बोर्डात लावतो, त्याच्या मागची वायर किती जुनी आहे हे कधी बघितलंय? मीही बघितलं नव्हतं.

कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीत आमचं १९८७ सालचं घर आहे. मी नोकरीला पुण्यात, आई-बाबा तिकडे. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा आई म्हणाली, "किचनच्या बोर्डाजवळ जळल्यासारखा वास येतोय रे." मेन स्विच बंद करून बोर्ड उघडून घेतला, तर वायरचं प्लास्टिक काळपट होऊन पापडासारखं कडक झालेलं.

मग बाबांकडून सगळा किस्सा कळला. गिझर आणि इंडक्शन एकदम लावलं की १० अँपिअरची एमसीबी पडायची. ओळखीच्या वायरमनला बोलावलं. "सारखी पडतीया न्हवं, मोठी घालूया की," म्हणाले आणि ३२ ची बसवून गेले. त्यानंतर एमसीबी एकदाही पडली नाही. बाबा खूश!

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर एरर दुरुस्त झाला नव्हता, फक्त एरर मेसेज बंद केला होता.

एमसीबी नक्की कोणाला वाचवते?

एमसीबी गिझरला नाही, भिंतीतल्या वायरला वाचवते. साधं गणित बघा. वॅटला २३० व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपिअर, २००० वॅटचं इंडक्शन म्हणजे आणखी ८.७. एकूण १७.४.

आमच्याकडे दोन्ही एकाच १.५ चौरस मिमीच्या वायरवर होते. पाइपमधून गेलेली अशी तांब्याची वायर साधारण १३ ते १५ अँपिअरच नीट झेपवते. त्यात करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. १० ची एमसीबी म्हणूनच पडत होती. ३२ ची मात्र १७ अँपिअरला हलणारच नाही. वायर तापत राहते, आणि कळतं ते वास आल्यावर.

म्हणून नियम एकच: आधी वायर बघायची, मग तिला झेपेल तेवढी एमसीबी. लाइट-पंख्यांना साधारण १.५, पॉवर सॉकेटला २.५, गिझर आणि एसीला ४ चौरस मिमीची वेगळी लाइन टाकतात.

आरसीसीबी आणि अर्थिंग: हे माणसासाठी

एमसीबी शॉकपासून वाचवेलच असं नाही, कारण जीव घ्यायला अँपिअरचा छोटासा भागही पुरतो. ते काम आरसीसीबीचं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतोय का, हे ती सतत तपासते. कुठेतरी गळती झाली की क्षणात सप्लाय तोडते. घरासाठी ३० मिलीअँपिअरची घ्यायची. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघा. पडली पाहिजे.

सोबत अर्थिंग हवंच. काही जण अर्थिंगची वायर ओढण्याऐवजी सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतात. हे अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली तर गिझरच्या पत्र्यातच करंट उतरतो.

वायरमनला बोलावण्याआधी फोनवर करायची कामं

१. यादी करा. प्रत्येक उपकरणाच्या लेबलचा फोटो काढा, वॅट लिहा, कुठली दोन-तीन एकदम चालतात ते मांडा.

२. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' बघा. तुमचा वापर त्याच्या वर जात असेल तर भार वाढवण्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

३. 'बीआयएस केअर' ॲप डाउनलोड करा. वायर किंवा एमसीबीवर आयएसआय मार्कसोबत 'सीएम/एल' ने सुरू होणारा नंबर असतो. तो ॲपमध्ये टाकला की लायसन्स खरं आहे का ते कळतं.

वायरमनला काय विचारायचं?

पहिला प्रश्न परवान्याचा. बल्ब किंवा फ्यूज बदलणं वेगळं, पण नवीन वायरिंग किंवा त्यातले बदल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे असा नियम आहे. "आमचा नेहमीचाच माणूस आहे" हे उत्तर पुरेसं नाही, हे बाबांना पटवायला मला दोन दिवस लागले!

दुसरा प्रश्न: "एमसीबी का पडतेय?" जो आधी लोड विचारतो आणि वायर बघतो, तो तुमचा माणूस. जो थेट मोठी एमसीबी काढतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

तिसरं, एस्टिमेट व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: वायरचा ब्रँड, जाडी, किती मीटर, किती पॉइंट. आणि प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना ते फोटोच उपयोगी पडतात.

कोल्हापूरकरांसाठी एक जास्तीचं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तुमच्या भागात पाणी शिरलं असेल, तर बोर्ड आणि सॉकेट त्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्यायला सांगा.

मग आमच्याकडे काय झालं?

परवानाधारक ठेकेदाराने किचन आणि बाथरूमच्या लाइन वेगळ्या केल्या, नवीन अर्थिंग दिलं, आरसीसीबी बसवली. दोन महिन्यांनी आईचा फोन: "ते नवीन बटण सारखं पडतंय, गिझर लावला की." बाबा मागून म्हणत होते, "एवढा खर्च करून परत तेच!"

गिझर तपासून घेतला. आतलं एलिमेंट फुटून पाण्यात करंट उतरत होता. म्हणजे या वेळी एरर मेसेज खरा होता, आणि कोणी तो बंद केलेला नव्हता.

आज घरी गेलात की एकच करा. मेन बोर्डचा फोटो काढा आणि झूम करून प्रत्येक एमसीबीवरचा आकडा वाचा. एखादी मध्येच कधीतरी मोठी बसवलेली दिसली, तर ती का बसवली, हे घरात नक्की विचारा.