शर्यतीत थांबलेला माणूस

मोखाड्याहून खोडाळा, विहिगाव करत खाली उतरलं की कसाऱ्याजवळ मुंबई-आग्रा रस्ता लागतो. आम्हा जव्हार-मोखाड्याच्या लोकांना मोठ्या जगाशी जोडणारा हा रस्ता. माझे एक मामू या रस्त्यावर ट्रक चालवायचे. त्यांच्या तोंडून मी लहानपणी 'लंडनवाल्यांची रेस' हे शब्द पहिल्यांदा ऐकले. तेव्हा ती मामूंची एक गप्पच वाटली होती. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, की गप्प खरी होती.

वर्ष १९६८. लंडनहून सिडनीपर्यंत मोटारींची शर्यत निघाली. इंग्लंडमधल्या 'डेली एक्सप्रेस' आणि सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ' या वर्तमानपत्रांनी ती भरवली होती. पहिलं बक्षीस होतं १० हजार पौंडांचं. २४ नोव्हेंबरला लंडनमधून ९८ गाड्या सुटल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि मुंबई असा त्यांचा मार्ग. मुंबईच्या बंदरात त्या 'चुसान' नावाच्या जहाजावर चढवायच्या आणि ऑस्ट्रेलियात उतरवून पुन्हा पळवायच्या. रस्त्यावरचं अंतर सगळं मिळून सुमारे १६ हजार किलोमीटर.

शर्यत म्हटलं की गोल मैदान आणि फेऱ्या मारणाऱ्या गाड्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. ही शर्यत तशी नव्हती. ठरावीक ठिकाणी नाके होते. एका नाक्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचायचं हे ठरलेलं असे. उशीर झाला की मिनिटाला एक दंडाचा गुण. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजेता. दिल्ली ते मुंबई या टप्प्याला जेमतेम २३ तास दिले होते. म्हणजे रात्र पडली तरी थांबायचं नाही. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी किंवा मागच्या सीटवर डुलकी काढायची. आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी झालेली. त्या गर्दीतून वाट काढणं हीच एक परीक्षा होती.

गाड्याही बहुतेक घरगुती वापराच्याच, थोड्या मजबूत केलेल्या. म्हणून सगळी मदार चालवणाऱ्याच्या स्वभावावर होती, आणि मला या शर्यतीतली माणसंच जास्त आवडतात.

रोझमेरी स्मिथ ही डब्लिनची बाई. मूळचा व्यवसाय कपडे शिवण्याचा. १९६५ मध्ये तिने हॉलंडची ट्यूलिप रॅली जिंकलेली होती. खैबर खिंडीजवळ तिच्या कॉर्टिनाच्या इंजिनातली ताकद गेली. गाडी पुढच्या गिअरमध्ये चढ चढेना. रिव्हर्स गिअरची ओढ जास्त असते, हे घाटात ट्रक चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. बाईंनी गाडी उलटी फिरवली आणि मान मागे वळवून खिंड चढली. याला जिद्द म्हणा, नाही तर हट्ट म्हणा.

रॉजर क्लार्क हा इंग्लंडचा वेगवान गडी. मुंबईला ७२ गाड्या पोचल्या, त्यांत हाच सर्वांत पुढे. ऑस्ट्रेलियात त्याचं इंजिन बिघडलं. फोर्डच्याच दुसऱ्या एका जोडीने आपल्या गाडीचं सिलिंडर हेड उतरवून त्याला दिलं, म्हणजे स्वतःची शर्यत त्याच्या ओंजळीत टाकली. पुढे मागचा ॲक्सल गेला. तेव्हा रस्त्याकडेला त्याला कुणा अनोळखी माणसाची कॉर्टिना दिसली. मालक तयार नव्हता. त्याला कसंबसं पटवून क्लार्कने त्या गाडीचा ॲक्सल विकत घेतला आणि तो बसवून पुढे निघाला. तो दहावा आला. पण एवढं सगळं होऊनही तो सिडनीला पोचला, हे विसरता येत नाही.

अँड्र्यू कावन स्कॉटलंडचा शेतकरी. त्याचा हिशेब वेगळाच. मला शेवटची येणारी गाडी द्या, असं त्याने कंपनीला सांगितलं होतं. सिडनीपर्यंत मोजक्याच गाड्या टिकतील, आपली त्यांत असली म्हणजे झालं, हा त्याचा विचार. शेतकरीच तो. पेरलं की लगेच उगवत नाही, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. त्याची गाडी हिलमन हंटर. हीच गाडी इराणमध्ये 'पेकान' नावाने तयार होत असे.

शेवटच्या दिवशी, १७ डिसेंबरला, सर्वांत पुढे होता बेल्जियमचा लुसियाँ बियांकी. त्याच वर्षी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेला. सिडनीच्या अलीकडे, नौराजवळ, त्याची सित्रोएन समोरून आलेल्या एका मिनीवर आदळली. स्टिअरिंगवर त्याचा जोडीदार ओजिए होता. दोन्ही गाड्यांनी पेट घेतला.

मागून पहिली गाडी आली पॅडी हॉपकर्कची. हा आयर्लंडचा. १९६४ मध्ये छोट्याशा मिनीतून माँटे कार्लो रॅली जिंकून घराघरात पोचलेला. या क्षणी तो तिसरा होता. पहिला नंबर समोर मोडून पडलेला. मिनिटाला एक गुण चाललेला. अशा वेळी माणूस काय करतो? हॉपकर्क थांबला. त्याने आणि त्याच्या दोन जोडीदारांनी, टोनी नॅश आणि अॅलेक पूल यांनी, आग विझवली आणि जखमींना मदत केली. मग ते पुढे निघाले.

निकाल लागला तेव्हा कावनचे दंडगुण ५० होते आणि हॉपकर्कचे ५६. फरक सहा गुणांचा. सहा मिनिटांचा!

ते थांबले नसते तर जिंकले असते का, हा हिशेब कुणी मांडावा? मला एवढंच दिसतं, की कावनचा विजय त्याच्या धीराचा होता आणि हॉपकर्कचा दुसरा नंबर त्याच्या माणुसकीचा. दोघांनीही आपला स्वभाव शेवटपर्यंत चालवला. बियांकी त्या अपघातातून वाचला, पण पुढच्याच वर्षी मार्चमध्ये ल माँच्या सरावात गेला. कावनने १९७७ ची लंडन-सिडनी शर्यतही जिंकली. तो २०१९ मध्ये वारला, हॉपकर्क २०२२ मध्ये, रोझमेरी स्मिथ २०२३ मध्ये.

तुम्ही म्हणाल, वावरच्या डोंगरात बसून या परदेशी ड्रायव्हरांचं एवढं कौतुक कशाला? सांगतो. १९९२ मध्ये वावर-वांगणीतली मुलं कुपोषणाने दगावली, तेव्हा आमच्या या गावांचं नाव देशभर झालं. उशिराची किंमत काय असते हे आम्हाला त्या वेळी कळलं. आमच्याकडेही मिनिटं मोजली जातात, फक्त त्यांचे गुण कुठे लिहिले जात नाहीत. पावसात, धुक्यात, अडलेल्या बाईला घेऊन जव्हारच्या दवाखान्याकडे जीप पळवणारा पोरगा असतो. त्याला रोझमेरीची जिद्द लागते, कावनचा धीरही लागतो. आणि वाटेत कुणी पडलेला दिसला तर थांबायचं की नाही, हे त्यालाही क्षणात ठरवावं लागतं.

वेगाने जाणं शिकवता येतं. कुठे थांबायचं ते मात्र माणसाने आतूनच आणावं लागतं. सहा गुण गमावून दुसरा आलेला हॉपकर्क मला म्हणूनच शर्यतीतला सर्वांत मोठा ड्रायव्हर वाटतो.