विश्लेषण : ‘मारिओ’ सगळ्या याद्यांत, मग ‘टँक’ का नाही?

जगातील ‘सर्वोत्तम जुन्या व्हिडिओ गेम’च्या याद्या दर काही महिन्यांनी नव्याने निघतात. त्यात महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने खेळलेले गेम क्वचितच दिसतात. आपल्याकडे मात्र भलत्याच गेमना ‘क्लासिक’चा मान मिळाला. यामागे केवळ आवडनिवड नाही. कॅसेटमधली छोटी बॅटरी, सायबर कॅफेतले तासाचे भाडे आणि परवान्यांचे करार यांचाही त्यात हात आहे.

हा विषय आता का महत्त्वाचा?

पुणे-सोलापूर महामार्गावर हडपसर मागे टाकले की लोणी काळभोर येते. मुळा-मुठेच्या काठची इथली ‘राजबाग’ एकेकाळी राज कपूर यांची होती. आता तिथे एमआयटी कला, डिझाइन व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. डिझाइन, अ‍ॅनिमेशन, संगणकशास्त्र शिकायला राज्यभरातून मुले येतात. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरणाला मंजुरी दिली. म्हणजे गेम खेळणे हा घरच्यांच्या डोक्याला ताप असण्याचा काळ सरून गेम घडवणे हा सरकारदरबारी उद्योग ठरण्याचा काळ आला आहे.

‘व्हाइस सिटी’ संगणकावर आला २००३ मध्ये. आज पहिल्या वर्षाला असलेल्या बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. जुना गेम त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो आठवणीतून नव्हे, यादीतून. आणि यादी बनते दुसरीकडे.

यादी ठरवते कोण?

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे ‘मोमा’ने, २०१२ मध्ये १४ गेम आपल्या संग्रहात घेतले. ‘पॅक-मॅन’, ‘टेट्रिस’, ‘सिमसिटी २०००’ त्यात होते. अमेरिकेतल्याच ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयाने २०१५ पासून गेमसाठी मानाचे दालन सुरू केले. पहिल्या वर्षी तिथे ‘पाँग’, ‘पॅक-मॅन’, ‘टेट्रिस’, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, ‘डूम’ आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले. या सहांतल्या एकालाही नावे ठेवता येणार नाहीत. ‘मारिओ’चा पहिला टप्पा तर आजही धडा म्हणून पाहावा असा आहे. एकही शब्द न लिहिता तो खेळाडूला उडी मारायला, शत्रूला चिरडायला आणि प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला डोके आपटायला शिकवतो. पहिला मशरूम पाइपला धडकून आपल्याकडेच परत येतो, तोही योगायोग नाही.

मात्र अशा याद्यांत ‘द लिजेंड ऑफ झेल्डा’, ‘मेट्रॉइड’, ‘फायनल फँटसी’ ही नावे हमखास वर असतात. नव्वदच्या दशकात टीव्ही गेम खेळलेल्या साताऱ्यातल्या किंवा अमरावतीतल्या माणसाला ती विचारून पाहावीत. बहुतेकांनी ती पाहिलेलीही नसतात.

बॅटरी नसलेली कॅसेट

निन्टेंडोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानमध्ये १९८३ मध्ये आले. आपल्या घरांत पोहोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही नावे अनेकांना आठवतील, काहींच्या यंत्रावर तर नावही नसे. सोबत यायची पिवळी किंवा राखाडी कॅसेट, वर लिहिलेले असे ‘९९९९९९ इन वन’. प्रत्यक्षात त्यात मोजके गेम. तेच पुन्हा पुन्हा, कधी दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे, कधी नाव बदललेले.

या कॅसेटमध्ये कोणते गेम बसणार, हे ठरले ते आकारावर. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघा ४० केबीचा. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा फुलांचा फोटोही सहसा त्याहून मोठा असतो. ‘टँक’ तर २४ केबीतच मावतो. ‘झेल्डा’ला १२८ केबी लागत आणि शिवाय कॅसेटमध्ये एक बॅटरी. खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवण्याचे काम ती बॅटरी करी. कारण तो गेम एका बैठकीत संपणारा नव्हता. दहा रुपयांचा नफा पाहणारा नकलाकार बॅटरी कशाला घालेल? त्यात ‘झेल्डा’, ‘फायनल फँटसी’ खेळायचे तर इंग्रजी वाचावे लागे.

त्यामुळे आपल्या वाट्याला आले ते वीज असेपर्यंत खेळायचे आणि वीज गेली की पहिल्यापासून सुरू करायचे गेम. भारनियमनाच्या राज्यात हा अनुभव वेगळा सांगायला नको. ‘मारिओ’चे पहिले दोन टप्पे तोंडपाठ आणि राजकन्या मात्र कधीच भेटली नाही, अशी माणसे महाराष्ट्रात घरोघरी सापडतील.

सर्वांत मोठा अन्याय ‘टँक’वर

आपण ज्याला ‘टँक’ म्हणत आलो, तो नामको कंपनीचा ‘बॅटल सिटी’. साल १९८५. अमेरिकेत निन्टेंडोच्या यंत्रावर तो अधिकृतपणे आलाच नाही. म्हणून अमेरिकी याद्यांत तो नाही, एवढे साधे कारण. नकली यंत्रे जिथे जिथे पोहोचली, तिथे मात्र तो घराघरात गेला. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ नावाची अशीच नक्कल विकली जाई आणि तिथेही हा रणगाडा तितकाच लाडका होता.

गेम पाहायला साधा. विटांच्या भिंती, पोलादी भिंती, पाणी, झाडी. खाली मधोमध आपला गरुड. एका टप्प्यात शत्रूचे २० रणगाडे, टप्पे ३५. पण दोघे एकत्र खेळू लागले की खरी गंमत सुरू होई. एकाने गरुड राखायचा, दुसऱ्याने पुढे जायचे, असे न सांगता ठरे. साथीदाराची गोळी लागली तर आपला रणगाडा क्षणभर गोठे. स्वतःच्याच गोळीने गरुड उडाला तर खेळ खलास. भावंडांची निम्मी भांडणे या दोन नियमांतून झाली असतील. सहकार्य आणि घातपात एकाच पडद्यावर इतक्या कमी साहित्यात बसवणारे गेम त्या काळात थोडेच होते.

शिवाय मेनूत तिसरा पर्याय होता : ‘कन्स्ट्रक्शन’. विटा, पोलाद, पाणी हवे तिथे मांडून स्वतःचे मैदान रचायचे आणि त्यावर खेळायचे. कुणी पाण्याचा खंदक करी, कुणी गरुडाभोवती पोलादाचा किल्ला बांधून खेळच निरस करून टाकी आणि मग एकेक भिंत काढून पाही. गेम डिझाइनच्या वर्गात आज जे शिकवले जाते, त्याची ही बाळबोध शाळा होती. एकच उणीव : यंत्र बंद केले की नकाशा गेला. इथेही बॅटरी नव्हती.

‘मुस्तफा’ घरी का आला नाही?

व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणे टाकून खेळला जाणारा ‘मुस्तफा’ ही दुसरी मोठी उपेक्षा. मूळ नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कंपनी कॅपकॉम, साल १९९३. मार्क शुल्त्झ यांच्या कॉमिक्सवर तो बेतलेला. चार पात्रांतला पिवळी टोपीवाला मुस्तफा सर्वांत चपळ, म्हणून तोच सगळ्यांना हवा असे. भारतात त्याचे नाव अख्ख्या गेमला चिकटले. अमेरिकी कॉमिक्सवरचा, जपानी कंपनीचा गेम इथल्या पोरांनी परस्पर बारसे करून आपलासा केला.

परदेशात याच कंपनीचा ‘फायनल फाइट’ किंवा ‘स्ट्रीट फायटर २’ थोर मानला जातो. पार्लरमधला ‘मुस्तफा’ मात्र घरगुती यंत्रांवर कधीच विक्रीला आला नाही. कॉमिक्स एकाचे, गेम दुसऱ्याचा. अशा परवान्यांच्या गुंत्यात जुने गेम अडकून पडतात. जो गेम पुन्हा विकत मिळत नाही, त्याचे परीक्षण नव्याने कुणी लिहीत नाही आणि यादीही त्याला विसरते.

मग जास्त डोक्यावर घेतलेले कोणते?

इथे थोडे कटू बोलावे लागेल. ‘कॉन्ट्रा’ उत्तम आहे, पण तीन जिवांत. आपण तो खेळलो ३० जिवांत. वर-वर-खाली-खाली ही प्रसिद्ध कळ मुळात ‘ग्रेडियस’ची. १९८६ मध्ये त्या गेमची चाचणी घेताना तो फारच अवघड वाटला, म्हणून कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी ती घातली. ते २०२० मध्ये वारले. ३० जीव मिळाले की ‘कॉन्ट्रा’तले आठही टप्पे अर्ध्या तासाच्या आत उरकतात आणि कुठे थांबावे, कुठे वाकावे हे शिकण्याची गरजच उरत नाही. ‘डक हंट’चे तर कौतुक बंदुकीचे. बंदूक बाजूला ठेवली तर गेम म्हणून त्यात फारसे काही उरत नाही.

सायबर कॅफेच्या काळातला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ हे अधिक अवघड प्रकरण. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा हा २००० मधला गेम. मोहिमेच्या मध्ये ‘सेव्ह’ करता येत नाही आणि शत्रूची अक्कल बेताची, ही परदेशी समीक्षकांची तक्रार रास्तच होती. आपल्याला मात्र ‘सेव्ह’ नसण्याची सवय टीव्ही गेमनेच लावलेली. साध्या पीसीवर तो चालायचा, हेही पथ्यावर पडले. त्यातली मोकळी, बर्फाळ मैदाने अजून लक्षात राहतात. गेम मात्र आठवणीइतका चांगला नाही.

आणि ‘व्हाइस सिटी’? तासाच्या भाड्यात मोहिमा कोण पूर्ण करणार? ‘पॅन्झर’ टाइप करायचे, रणगाडा मिळवायचा आणि शहरभर धुमाकूळ घालायचा, हाच इथला ‘व्हाइस सिटी’. कथा, विडंबन, ऐंशीच्या दशकातल्या मायामीची नक्कल या साऱ्यासाठी जग त्याला मानते. त्यातले फार थोडे आपल्या वाट्याला आले. दोन्हीकडे कौतुक होते, पण जणू दोन वेगळ्या गेमचे.

उलट ‘डेंजरस डेव्ह’ शाळेच्या संगणक कक्षात ज्यांनी लपूनछपून खेळला, त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते की तो जॉन रोमेरो यांचा. १९९३ मध्ये ‘डूम’ घडवणाऱ्या चमूतले तेच रोमेरो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’बाबत मात्र जग आणि महाराष्ट्र यांचे एकमत आहे. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्याचे चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. १९८९ चा हा गेम आजही जिवंत वाटतो.

पुण्याचा ‘राजी’

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा वारसा सांगणारा एक गेम पुण्यातच घडला आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या इथल्या स्टुडिओचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणारी राजी ही त्याची नायिका. राजस्थानी वास्तुकला आणि बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली कथा, हे त्याचे रूप. लोकवर्गणीची मोहीम फसूनही स्टुडिओने तो पूर्ण केला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. मारामारी थोडी तोचतोच आहे आणि शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो. तरी हडपसरपासून हिंजवडीपर्यंतच्या किती जणांनी तो खेळला आहे, असे विचारले तर उत्तर फार सुखावणारे नसेल.

जुने गेम आज खेळता येतील?

अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असे तिला आढळले. ही स्थिती तिथली, जिथे गेमसाठी संग्रहालये आहेत. आपल्या ‘इन वन’ कॅसेटी तर मुळातच बेकायदा. त्यांची नोंद ठेवणार कोण?

‘डक हंट’चे दुखणे आणखी वेगळे. घोडा दाबला की पडदा निमिषभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीतला संवेदक तो उजेड टिपे. हे जमते ते जुन्या, मागे पोट असलेल्या टीव्हीवरच. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि बंदुकीला बदक दिसतच नाही. माळ्यावर कॅसेट आणि बंदूक अजून जपून ठेवलेली असेल, पण तो टीव्ही बहुतेक घरांतून केव्हाच भंगारवाल्याकडे गेला.