अंदाजपत्रकातून निसटलेला पट्टा

घराचे अंदाजपत्रक म्हणजे कंत्राटदाराच्या हिशेबाचा कागद, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा परिसर हादरला आणि सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली, त्यानंतर तरी हा समज टिकावयास नको होता. तेथील जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट व त्याहूनही जाड, मातीत बसविलेल्या दगडांच्या. वर मातीचे जड माळवद. दगडाची वाण नव्हती. भिंतीचे आतले व बाहेरचे थर सांधणारे आरपार दगड मात्र बहुतेक ठिकाणी नव्हते, आणि चारही भिंती एकत्र बांधणारा पट्टाही नव्हता.

आता अंदाजपत्रके संगणकावर होतात. घराची त्रिमितीय प्रतिकृती उभारली की दगड, सिमेंट, लोखंड यांची परिमाणे आपोआप निघतात. सोय मोठी आहे. पण यंत्र जे रेखाटले तेवढेच मोजते, आणि चुकीचे रेखाटले तर चूकही दशांशापर्यंत अचूक मोजते!

साधे उदाहरण घेऊ. आतून ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद खोली, भिंत ४५ सेंटिमीटर जाड, उंची ३ मीटर. भिंतीच्या मध्यरेषेने लांबी १५.८ मीटर येते, म्हणून बांधकाम २१.३३ घनमीटर. बाहेरच्या मापाने भिंती काढून कोपरे दुहेरी धरले, तर तेच २३.७६ घनमीटर होते. म्हणजे अकरा टक्क्यांहून अधिक दगड कागदावर फुगतो. भिंत जितकी जाड तितकी ही चूक मोठी, आणि जाड भिंतींची परंपरा तर आपल्याच मुलखातली. खांब, तुळई व स्लॅब जेथे मिळतात तेथील काँक्रीट दोनदा मोजले जाते, ते याच जातीचे.

फुगलेला आकडा निदान पैसे मोजताना डोळ्यांत भरतो. निसटलेला आकडा भरत नाही. वरील खोलीत दारांच्या माथ्याशी साडेसात सेंटिमीटर जाडीचा भूकंपरोधक पट्टा घातला, तर त्याचे काँक्रीट जेमतेम अर्धा घनमीटर. दहा मिलिमीटरच्या दोन सळया धरल्या तर लोखंड सुमारे साडेएकोणीस किलो, जोड वेगळे. रेखाटणाऱ्याने भिंत पायापासून छतापर्यंत सलग ओढली की हा पट्टा दगडात विरून जातो. एकूण घनफळ तेच राहते, बेरीज जुळते, तपासणाऱ्याला शंकाही येत नाही.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात जमीनधारणेनुसार २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे ठरविण्यात आली होती. अशा योजनांत एकच नमुना हजारो वेळा उतरतो आणि नमुन्यातील चूकही तितक्याच वेळा. म्हणून नमुन्यातील एक खोली तरी कनिष्ठ अभियंत्याने कागद-पेन्सिल घेऊन मध्यरेषेने मोजावी, आणि पट्ट्याचे काँक्रीट व सळया यांची ओळ पत्रकात स्वतंत्र आहे की नाही, हे मंजुरीच्या सहीपूर्वी पाहावे. त्याला अर्धा तास पुरतो.