साथीला कोण?

मैफलीची पत्रिका हातात पडली की बहुतेक मंडळी गवयाचे नाव वाचतात आणि पत्रिका बाजूला ठेवतात. मी आधी 'साथ' या शब्दापुढे काय छापले आहे ते शोधतो. सवय घरची आहे. माझे वडील बडोद्याच्या राजवाड्याच्या पदरी तबल्याला होते. मिसरूड फुटायच्या आधी चाकरीला लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले तरी हात थांबला नाही. आणि मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. जन्मभर त्यांनी साथ केली. स्वतंत्र वादनाचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. तरीही त्यांना कुणी 'मागे बसणारे' म्हटले असते तर आमच्या आईने त्या पाहुण्याला भरल्या पानावरून उठवले असते!

हल्ली मागे बसायला कुणी राजी नाही. माझ्या वर्गात पंधरा वर्षांचा एक मुलगा येतो. त्याचा ठेका असा की विलंबित एकतालाच्या बारा मात्रा मिनिटभर पसरल्या तरी एक मात्रा दुसरीवर रेलत नाही. हे शिकवून येत नाही, थोडे जन्मालाच घेऊन यावे लागते. गेल्या महिन्यात त्याचे वडील आले. म्हणाले, "मास्तर, हा किती दिवस दुसऱ्याच्या गाण्यामागे धिं धिं करीत बसणार? त्याच्या बरोबरीची मुले टीव्हीवर झळकू लागली. दसऱ्यापर्यंत त्याला पुढे आणा, नाहीतर आम्ही दुसरीकडे पाहतो." मुलगा सतरंजीचा दोरा ओढीत बसला होता.

गृहस्थ क्रिकेटचे भक्त. तेव्हा मी राग-ताल बाजूला ठेवले आणि विजय हजाऱ्यांची गोष्ट काढली. हजारे जन्माने सांगलीचे, पण बडोद्याचेच होऊन गेले आणि २००४ साली इथेच वारले. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईला पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत ते 'रेस्ट' संघाकडून हिंदूंविरुद्ध खेळले. फॉलोऑन मिळालेला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. हे सगळ्यांना पाठ असते. पण त्या डावात तीनशे धावांची एक भागीदारी झाली, ती त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर. आणि त्या तीनशेंत विवेकरावांचा वाटा होता एकवीस धावांचा! एकवीस म्हणजे धावफलकावर काहीच नव्हे. पण तो गडी तिथे उभा राहिला नसता तर ३०९ चा आकडा कुठून आला असता? सामना रेस्टने डावाने गमावला, ही गोष्ट वेगळी.

यावर ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे माझ्या मुलाने जन्मभर विवेक हजारेच व्हायचे?" प्रश्न बिनतोड होता. पण बडोद्याच्या मनुष्याने हा प्रश्न विचारू नये, कारण उत्तर बडोद्यातच आहे. मार्च १९४७, रणजी करंडकाचा अंतिम सामना, समोर सी. के. नायडूंचा होळकर संघ. (इंदूरच्या आप्तांनी पुढची दोन वाक्ये गाळावीत.) चौथ्या गड्यासाठी हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली, बडोद्याने ७८४ धावा केल्या आणि एक डाव व ४०९ धावांनी सामना जिंकला. कोणत्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. चौथ्या गड्यासाठीचा तर अजून मोडलेला नाही. आता त्या डावात पाहा. नावाने मोठे हजारे, त्यांच्या २८८. गुल महंमदांच्या ३१९. मोठा मनुष्य त्या दिवशी दुसऱ्याच्या डावाला साथ देत उभा राहिला आणि स्वतः काही लहान झाला नाही. आमचे वडील पोरवयात तो सामना पाहायला गेले होते. ते म्हणत, ती जुगलबंदी होती, आणि जुगलबंदीत ठेका कुणाकडे हे आवर्तनागणिक बदलते.

खोखोतही हेच आहे. या देशी खेळांना शिस्तशीर नियम मिळण्यात आपल्या शहराच्या जिमखान्यांचा वाटा आहे, म्हणून अभिमानाने सांगतो. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ बसलेले असतात. टाळ्या पडतात त्या धावणाऱ्याला. पण खो मिळण्याआधी उठला तर चूक, आणि मिळाल्यावर क्षणभर उशीर केला तर गडी निसटला. या बसण्याला आराम कोण म्हणेल?

नोकरीत नव्याने लागलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना मी म्हणून सांगतो, की पहिले सहा महिने ठेका द्या. साहेबाची लय काय, हाताखालचा शिपाई कोणत्या मात्रेवर चहाला जातो, हे ऐका. पहिल्याच आठवड्यात तिरकिट वाजवणारा मनुष्य कचेरीत सर्वांच्या लक्षात राहतो, पण चांगल्या अर्थाने नव्हे. घरात तर आमच्या सौभाग्यवतींच्या दिवाळीच्या चकल्या हे उत्तम उदाहरण आहे. साच्याने पाडणारी एक, कढईपाशी तळणारी दुसरी. पाडणारीने घाई केली की चकल्या कागदावर सुकून तुटतात, आणि ती रेंगाळली की तेल जळते. चकली छान झाली म्हणून नाव होते ते मात्र तळणारीचे.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, नाहीतर कुणी माझे म्हणणे फुकट राबवून घेण्यासाठी वापरील. साथ म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. एका मोठ्या गवयाची एकदा भर मैफलीत सम चुकली आणि त्यांनी डोळे वटारले ते वडिलांवर. वडिलांनी ठेका तसाच चालू ठेवला. घरी आम्ही चिडलो, तर जेवता जेवता म्हणाले, "मात्रा मोजणाऱ्याला कळले. न मोजणाऱ्याला सांगून काय उपयोग?" पण पुढच्या खेपेला त्याच गवयासाठी बोलावणे आले, तेव्हा त्यांनी बिदागी दुप्पट सांगितली आणि घेतलीही. पत्रिकेत साथीदाराचे नाव बारीक टाइपात टाकायचे, आणि पाकीट त्याहून बारीक द्यायचे, ही आमच्या आयोजकांची रीत अजून गेलेली नाही. मुलाच्या वडिलांची चीड खरे म्हणजे इथे असायला हवी होती. तिथे मी त्यांच्या बाजूला आहे.

मुलगा येतो आहे. सोमवारी तर सर्वांआधी आला आणि न सांगता डग्ग्याची गवसणी काढून बसला. शेजारच्या खोलीत एक मुलगी यमन घोटत होती, तिच्या मागे त्याने अर्धा तास नुसता ठेका धरला. वडील अजून रागात आहेत, पण फी वेळेवर पाठवतात. दसरा अजून दूर आहे.

तोवर वाचकांकडे माझे एकच मागणे आहे. पुढच्या मैफलीत तबलजी हातोडी घेऊन तबला मिळवू लागला की ते मध्यंतर समजून चहाला उठू नका.