बरी झालीस ना?

शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरने माझ्या अंगावरची चादर बाजूला केली, पोटावर चिकटवलेली पिशवी चाचपली आणि मोठ्याने म्हणाली, "आली हो, हवा आली!" पिशवी फुग्यासारखी टम्म झाली होती. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंनी ते ऐकून हात जोडले. यजमानांनी लगेच गावाकडे फोन लावला. चारचौघांत जिचे नाव घेत नाहीत त्या गोष्टीची बातमी त्या दिवशी पाच घरांत पेढा वाटावा तशी पोचली. आतडे पुन्हा चालू झाले होते.

हा विषय काही वाचकांना चहाबरोबर नकोसा वाटेल. पण ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना तो रोजच चहाबरोबर असतो, म्हणून लिहिते.

माझे पोट दुखू लागले ते 2015 साली. जेवले की तासाभराने उजव्या कुशीत कळ, जुलाब, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटत चाललेले. पोटाचा क्षय असे निदान झाले आणि सहा महिने क्षयाच्या गोळ्या घेतल्या. त्या डॉक्टरांना मी आज फारसा दोष देत नाही. लहान आतड्याचे शेवटचे टोक ही क्षयाचीही आवडती जागा आणि क्रोन्सचीही. दोन्हींचे व्रण सारखे दिसतात आणि आपल्या देशात क्षय जास्त. गोळ्यांनी गुण येत नाही असे दिसल्यावर पुढच्या तपासण्या झाल्या आणि क्रोन्स हे नाव कळले. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1932 मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्याला शत्रू समजते. ती तसे का करते याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. मग स्टिरॉइड सुरू झाले आणि चेहरा गोल झाला. "तब्येत सुधारली की हो बाई!" असे शेजारीण म्हणाली. वजन तेव्हा एकेचाळीस किलो होते.

2022 च्या नोव्हेंबरात आतडे अरुंद होऊन बंद पडले आणि त्याच्या मागे पू साठला. शस्त्रक्रिया करून जवळजवळ दीड फूट लहान आतडे आणि मोठ्या आतड्याची सुरुवात काढून टाकली. अंग खंगलेले, रक्तात स्टिरॉइड. अशा स्थितीत टाके धरतील याचा भरवसा नसतो, म्हणून दोन्ही टोके लगेच न जोडता लहान आतड्याचे तोंड पोटाच्या कातडीवर आणून ठेवले. याला इलिओस्टोमी म्हणतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तोंड फिरवले. लालबुंद, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखे. त्याला हात लावला तरी दुखत नाही हे कळायला आठवडा गेला.

पिशवीचे शास्त्र मी आणि यजमान दोघे मिळून शिकलो. ती एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने सुटते. चिकटणाऱ्या चकतीचे भोक नेमके कापायचे, कारण मोठे झाले तर आतड्यातला रस कातडीवर येतो आणि भाजल्यासारखी आग होते. पहिल्या काही आठवड्यांत स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर वेळी माप नव्याने घ्यायचे. यजमान बँकेत नोकरीला आहेत. कात्री आणि पट्टी घेऊन बसले की हिशेब तपासत असल्यासारखा चेहरा करीत.

एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. परकराची नाडी नेमकी पिशवीवर येते. वीस वर्षे साडी नेसून शिकवले, आणि आता साडी म्हणजे संकट. शेवटी शिंप्याकडून सैल इलॅस्टिकच्या सलवारी आणि गुडघ्याखाली जाणारे कमीज शिवून घेतले. कॉलेजात पहिल्या दिवशी मुली म्हणाल्या, "मॅडम, छान दिसतंय." स्टाफरूमजवळच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. ती बसवून मिळायला तीन अर्ज लागले. त्या तीन आठवड्यांत दार बाहेरून धरून एक सहकारी उभी राहायची, तिचे नाव लिहिलेले तिला आवडणार नाही.

खाण्याचा प्रश्न सासूबाईंनी अंगावर घेतला. आमच्या भागात भेटले की विचारतात ते जेवलात का; कानडीतही तेच, "ऊट आयता?" आग्रह न करणे म्हणजे आमच्याकडे अपमान. त्या बाईंना सांगितले की पालेभाजी, शेंगदाणे, कच्ची काकडी, ओले खोबरे काही महिने बंद, चोथा अडकला तर पुन्हा ऑपरेशन. दोन दिवस त्या गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी खोबरे वाटून, फडक्यातून पिळून नुसत्या दुधाची आमटी केली. मऊ भात, साबुदाण्याची पेज, पिकलेले केळे. पाण्याचे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. तहान लागली की तांब्याभर पाणी प्यावे हा आपला समज. इलिओस्टोमीत नुसते पाणी जास्त प्यायले तर पिशवीतून आणखी वाहते आणि मीठही घेऊन जाते. म्हणून जलसंजीवनी, घोट घोट. एकदा मी हे पाळले नाही आणि पायांत गोळे येऊन रात्री सलाइन लावावे लागले.

2023 च्या मार्चमध्ये आतडे जोडले. पोटावर आडवा व्रण राहिला, पिशवी गेली. नातेवाइकांनी साखर वाटली. यजमानांनी मला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची गोष्ट सांगितली: याच आजाराने 1956 च्या जूनमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. गोष्ट खरी आहे. पण मला निवडणूक लढवायची नव्हती, सकाळी आठच्या तासाला पोचायचे होते, आणि ते जमत नव्हते. काढून टाकलेल्या भागातच पित्तातले क्षार आणि ब-12 जीवनसत्त्व शोषले जाते. तो भाग गेला की क्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. त्यासाठी एक भुकटी पाण्यात ढवळून घेते. ब-12 चे इंजेक्शन दर महिन्याला, ते जन्मभर.

त्या सप्टेंबरात दुर्बिणीने तपासले. जोडाच्या जागी लहान व्रण पुन्हा दिसू लागले होते. डॉक्टरांना यात आश्चर्य वाटले नाही. शस्त्रक्रिया खराब झालेला तुकडा काढते, आजार नाही, आणि तो परतला तर बहुधा जोडाजवळच परततो. आम्हाला मात्र ते घरी येईपर्यंत बोलता आले नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग कापलं कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. कापले नसते तर मी नोव्हेंबरातच गेले असते, हे उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही. जैविक औषधाची इंजेक्शने घ्यायचे ठरले. ती देण्याआधी छातीचा फोटो आणि क्षयाची चाचणी करतात, कारण अंगात दडलेला क्षय या औषधाने उफाळून येऊ शकतो. पुन्हा क्षय हा शब्द ऐकून आम्ही दोघे हसलो. चाचणीत काही निघाले नाही. औषधाचा खर्च मोठा आहे. मुलीचे हॉस्टेल आणि हे औषध यांचा मेळ यजमान दर महिन्याला घालतात.

गेल्या मे महिन्यात खानापूरला एका लग्नाला गेलो. मी साडी नेसले होते. जेवणाच्या हॉलच्या दारात एका चुलत सासूबाईंनी माझा हात धरला आणि विचारले, "आता पूर्ण बरी झालीस ना गं?" मी शब्द शोधत होते, तोवर सासूबाई मध्ये आल्या. म्हणाल्या, "बरी हाय. औषध चालू हाय, चालूच राहणार. तिला भात वाढा, चटणी नको." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "संडास मागच्या बाजूला आहे, मी बघून आलेय. कडी आहे."