विमानाचे स्थैर्य : अस्थिर आराखड्यांचे निदान व निवारण

विमानाचे स्थैर्य : वाऱ्याच्या झोताने वा अन्य कारणाने समतोल ढळला असता मूळ स्थितीकडे आपोआप परत येण्याची विमानाची प्रवृत्ती म्हणजे त्याचे स्थैर्य होय. वाटीच्या तळाशी असलेली गोटी हलविली, तरी ती पुन्हा तळाशी येते. पालथ्या वाटीवर ठेवलेली गोटी जरा धक्का लागताच घरंगळते. सपाट फरशीवरील गोटी जेथे ढकलावी तेथेच थांबते. विमानाच्या बाबतीत या तीन अवस्थांना अनुक्रमे स्थिर, अस्थिर व उदासीन असे म्हणतात. हा गुण मुख्यतः वजनाची वाटणी, पंखांची व शेपटाची क्षेत्रफळे आणि त्यांमधील अंतरे यांवर अवलंबून असतो. त्यामुळे आराखड्यातील दोष वैमानिकाच्या कौशल्याने थोडा वेळ झाकता येतो. पण तो दूर करण्यासाठी आराखडाच बदलावा लागतो.

विमानाच्या हालचाली तीन अक्षांभोवती होतात : नाक वर-खाली होणे, एका पंखाकडे कलणे आणि नाक डावी-उजवीकडे वळणे. पहिलीशी संबंधित स्थैर्याला अनुदैर्घ्य, दुसरीशी संबंधित स्थैर्याला पार्श्विक व तिसरीशी संबंधित स्थैर्याला दिशिक स्थैर्य म्हणतात. यांपैकी शेवटची दोन परस्परांत गुंतलेली असल्याने त्यांचा विचार एकत्र करावा लागतो.

अनुदैर्घ्य स्थैर्य : पंख व समोरून येणारा वारा यांमधील कोन वाढला की, उत्थापन (वर उचलणारे बल) वाढते. पंख, शेपूट व धड मिळून होणारी ही वाढ ज्या बिंदूशी केंद्रित झाली आहे असे मानता येते, त्यास विमानाचा उदासीन बिंदू म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूस असेल, तर नाक उचलले गेल्यावर वाढीव उत्थापन त्याला पुन्हा खाली आणते. गुरुत्वमध्य मागे असेल, तर तेच उत्थापन नाक आणखी वर रेटते आणि विमान उलथते. या दोन बिंदूंमधील अंतर पंखाच्या सरासरी रुंदीच्या शेकडेवारीत मोजतात. साध्या, स्थिर विमानांत ते सर्वसाधारणपणे ५ ते १५ टक्के राखतात. ते फार वाढविल्यास विमान नाकाकडे जड होते व उतरताना त्याचे नाक उचलणे कठीण जाते.

शेपटाचा प्रभाव त्याच्या क्षेत्रफळाबरोबरच गुरुत्वमध्यापासूनच्या त्याच्या अंतरावरही अवलंबून असतो. शेपटाचे क्षेत्रफळ व हे अंतर यांच्या गुणाकारास पंखाचे क्षेत्रफळ व सरासरी रुंदी यांच्या गुणाकाराने भागले असता जे गुणोत्तर मिळते, ते हलक्या विमानांत साधारणतः ०·५ ते ०·७ असते. उदा., पंख १० चौ. मी., सरासरी रुंदी १·२५ मी., आडवे शेपूट २ चौ. मी. व अंतर ४ मी. असल्यास हे गुणोत्तर ०·६४ येते. धड आखूड करून अंतर ३ मी. केल्यास ते ०·४८ पर्यंत घसरते. शेपटाला हातही न लावता स्थैर्य कमी होते ते असे.

पार्श्विक व दिशिक स्थैर्य : पंखांची टोके मुळापेक्षा किंचित उंच ठेवली असता कललेले विमान घसरू लागताच खालच्या पंखावर अधिक उत्थापन निर्माण होते व विमान सावरते. पंखांच्या या चढास द्वितल कोन म्हणतात. उभे शेपूट मात्र बाणाच्या पिसांप्रमाणे नाक वाऱ्याच्या दिशेला धरून ठेवते. या दोहोंत प्रमाण राखावे लागते. उभ्या शेपटाच्या मानाने द्वितल कोन फार मोठा झाल्यास विमान डोलत, नाक दोन्ही बाजूंना हलवत जाते. या दोलनास डच रोल हे नाव आहे. उलट, द्वितल कोन फार लहान असल्यास एकदा कललेले विमान हळूहळू अधिकाधिक कलत सर्पिल मार्गाने खाली येते.

संगणकीय खेळांतील विमाने : विमान स्वतः जुळवून उडविण्याचे संगणकीय खेळ एकविसाव्या शतकात लोकप्रिय झाले. मेक्सिकोतील स्क्वाड या संस्थेने २०११ मध्ये प्रथम प्रसृत केलेला ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. त्यात जुळणी चालू असतानाच वस्तुमानाचा, उत्थापनाचा व रेट्याचा मध्य वेगवेगळ्या रंगांच्या चिन्हांनी दाखविण्याची सोय आहे. नवख्याचे विमान धावपट्टी सोडताच उलथते, याचे नेहमीचे कारण म्हणजे जड इंजिने अगदी मागे बसविल्याने वस्तुमानाचा मध्य उत्थापनाच्या मध्यामागे गेलेला असतो. प्रारंभी नीट उडणारे विमान काही वेळाने बिघडत असेल, तर पुढच्या टाक्यांतील इंधन आधी संपून गुरुत्वमध्य मागे सरकत असल्याची शक्यता असते; म्हणून टाक्या भरलेल्या व रिकाम्या अशा दोन्ही स्थितींत चिन्हे तपासावी लागतात. इंजिनाची रेषा गुरुत्वमध्याच्या वरून जात असल्यास रेटा वाढविताच नाक खाली जाते. धावपट्टीवरच विमान बाजूला ओढत असेल, तर चाके परस्परांना समांतर आहेत का, हे पाहावे लागते.

निदानाचा क्रम खेळात व प्रत्यक्षात सारखाच असतो. आधी वजन व गुरुत्वमध्य, नंतर आडवे शेपूट, त्यानंतर उभे शेपूट व द्वितल कोन आणि शेवटी नियंत्रक झडपा पाहाव्यात. एका वेळी एकच बदल करून पुन्हा उड्डाण घ्यावे. दोन बदल एकदम केल्यास गुण कोणाचा व दोष कोणाचा, हे कळत नाही. उत्थापनाचे चिन्ह मुख्यतः पंखांवरून काढलेले असते व धडाचा परिणाम त्यात धरलेला असेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

महाराष्ट्रातील उदाहरणे : पुण्याजवळ हडपसर येथे ग्लायडिंगची जुनी परंपरा आहे. ग्लायडर हलके असल्याने त्यात वैमानिकाच्या वजनानेही गुरुत्वमध्य लक्षणीय सरकतो. यासाठी प्रत्येक ग्लायडरमध्ये पुढील आसनावरील किमान वजन ठरवून दिलेले असते व त्याहून हलक्या व्यक्तीस शिशाचे किंवा अन्य धातूचे भारक घेऊनच उडावे लागते.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात टाकवे बुद्रुकशेजारचा कामशेतचा डोंगराळ परिसर पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध आहे. पॅराग्लायडरला शेपूट नसते. वैमानिक कापडी पंखाखाली दोऱ्यांनी सुमारे ७ मी. लोंबत असतो व त्याचे वजन लंबकाप्रमाणे पंखाला सावरते. मात्र दुपारी तापलेल्या उतारांवरून उसळणाऱ्या हवेत पंखाची एक बाजू दुमडण्याचा धोका असतो. दुमडलेला पंख वैमानिकाने काही न करता किती लवकर व किती कमी वळून उघडतो, हे चाचण्यांत पाहून यूरोपीय मानकानुसार पंखांचे अ, ब, क, ड या क्रमाने चार वर्ग केले जातात. पहिला वर्ग नवशिक्यांसाठी असतो. येथे स्थैर्याची प्रतवारी म्हणजे सुरक्षिततेचीच प्रतवारी होय.

गिरकीचा प्रश्न : पंख व वारा यांमधील कोन मर्यादेबाहेर गेला की, उत्थापन एकाएकी घटते. त्या वेळी एक पंख दुसऱ्याच्या आधी खचल्यास विमान गिरक्या घेत खाली येते. यातून सुटण्यासाठी सुकाणू प्रभावी राहणे आवश्यक असते. पण उभे शेपूट आडव्या शेपटामागच्या विस्कळित हवेत सापडल्यास सुकाणू निरुपयोगी ठरते. विस्कळित प्रवाहाचे गणित अवघड असल्याने संगणकीय सदृशीकरण या अवस्थेत पूर्ण भरवशाचे नसते.

भारतातील प्रशिक्षण विमानांच्या आराखड्यांचा पाया मराठी अभियंते विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) यांनी घातला. गटिंगेन येथे लूटव्हिख प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली शिकलेल्या घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे विमान १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्याच परंपरेतील किरण या जेट विमानाचे पहिले उड्डाण १९६४ मध्ये झाले. किरणची जागा घेण्यासाठी आखलेले एचजेटी-३६ हे विमान ७ मार्च २००३ रोजी उडाले. तथापि गिरकीतून सुटण्याविषयीच्या त्रुटींमुळे त्याचे काम दीर्घकाळ रखडले. पुढे उभे शेपूट मागे सरकवून व सुकाणूचा विस्तार वाढवून २०१९ मध्ये सुधारित विमान उडविण्यात आले आणि डावी-उजवीकडे सहा-सहा गिरक्यांतून ते सावरत असल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. २०२५ मध्ये त्यास ‘यशस’ हे नाव देण्यात आले. प्रशिक्षणार्थी वैमानिक चुकणारच, हे गृहीत धरूनच असे विमान आखावे लागते. म्हणून या दुरुस्तीला पर्याय नव्हता.

हेतुपुरस्सर अस्थैर्य : अस्थैर्य हा प्रत्येक वेळी दोषच असतो असे नाही. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेले तेजस हे लढाऊ विमान चपळ वळणांसाठी अनुदैर्घ्य दृष्ट्या अस्थिर ठेवलेले आहे. संगणक त्याच्या झडपा अखंड हलवून ते सावरत असतो. संगणक निकामी झाल्यास मनुष्याला ते सावरणे अशक्य असल्याने ही प्रणाली चौपट, म्हणजे चार समांतर वाहिन्यांची ठेवलेली आहे. अशा विमानात स्थैर्य पंख-शेपटाऐवजी नियंत्रणप्रणालीत असते व तीच सर्वांत कसून तपासावी लागते.

खेळातील विमान कोसळल्यास कळ दाबून नवे घेता येते. प्रत्यक्ष विमानाची गिरकीची चाचणी मात्र शेवटी वैमानिकाला स्वतः घ्यावी लागते. त्यामुळे कागदावर, पवनविवरात आणि संगणकावर जे दोष शोधता येतात, ते सर्व त्याआधी शोधून काढणे हे आराखडाकाराचे कर्तव्य मानले जाते.