दानाची खतावणी

नॉर्स पुराणातील ओडिन ज्ञानाच्या एका घोटासाठी मिमिरच्या विहिरीत आपला डोळा अर्पण करतो. हा उघड सौदाच होय. कर्णाचे कवचकुंडलांचे दान आपण निरपेक्ष मानतो. महाभारतात मात्र तोही इंद्राकडून मोबदल्यात अमोघ शक्ती मागून घेतो. अकोल्याच्या कापूसबाजारात वाढलेल्या आम्हां व्यापाऱ्यांना ही देवघेव चटकन उमगावी! शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीत कर्णाबरोबरच पत्नी वृषाली व भाऊ शोण यांनाही निवेदन दिले आहे. मला ही योजना फार मोलाची वाटते. कारण दात्याच्या घरातील माणसे तिथे बोलू लागतात. अमरावतीच्या एका मंदिरात आमच्या आजोबांच्या देणगीची पाटी आहे. त्यासाठी आजीने हातांतून उतरवलेल्या पाटल्यांचा उल्लेख तीत नाही.